फुंकेल त्याची बासरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसानं अभंगावर बोलावं, गझलेवर बोलावं, आणि त्याचं नाव माझ्यासारखं असेल तर कव्वालीवर जरूर बोलावं, अशी साधारण अपेक्षा असते. आज मी यांपैकी कशावरच बोलणार नाही. गेली चाळीस वर्षं ज्याच्या संगीतानं मला सोबत केली, त्या एका इंग्रजी बँडविषयी बोलणार आहे. त्याचं नाव ‘जेथ्रो टल’.

नाव ऐकलेलं नसेल तर बिघडत नाही. बीटल्सचं नाव सर्वांना ठाऊक असतं, पिंक फ्लॉइडचं पुष्कळांना असतं. हे त्यांच्या मागच्या बाकावरचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये काही तरुणांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी रॉक संगीतात जॅझ आणलं, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणलं, लोकगीतं आणली, मधेच ताल बदलले, गाणं वीस वीस मिनिटं लांबवलं. या प्रकाराला पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असं नाव पडलं. येस, जेनेसिस, किंग क्रिमसन हे त्यातले बिनीचे बँड. जेथ्रो टल त्यांच्याच पंगतीतला. पण पंगतीत बसूनही थोडा वेगळं वाढून घेणारा.

आधी नावाची गंमत सांगतो. जेथ्रो टल या नावाचा माणूस बँडमध्ये कधीच नव्हता. तो होता सतराव्या-अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. १७०१च्या सुमाराला त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र तयार केलं. त्या काळी तिकडे बी हातानं फेकून पेरत. यानं ते ओळीत, ठरावीक खोलीवर पडेल अशी व्यवस्था केली. आपल्या गावाकडचा माणूस हे ऐकून हसेल आणि म्हणेल, ‘म्हणजे पाभरच की!’ खरंच आहे. लाकडी चाडं, त्याला जोडलेल्या पोकळ नळ्या, नळ्यांच्या टोकाला फण, आणि चाड्यावर मूठ धरून दाणे सोडत चालणारी बाई, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण हिंदुस्थानातली अशी अवजारं पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांची माहिती आणि नमुने विलायतेला पाठवल्याच्या नोंदीही आहेत. पण मला भावलेली गोष्ट निराळी. टलला संगीताची जाण होती. चर्चमध्ये जो मोठा ऑर्गन असतो, त्याच्या आतल्या खोबणी आणि पट्ट्यांच्या रचनेवरून त्याला बी सोडण्याच्या यंत्राची युक्ती सुचली. म्हणजे वाद्यातून अवजार निघालं, आणि अडीचशेहून अधिक वर्षांनी त्या अवजारवाल्याचं नाव पुन्हा वाद्य वाजवणाऱ्यांकडे आलं.

आलं तेही योगायोगानं. १९६७च्या अखेरीस ल्यूटन गावी जमलेल्या या पोरांना कार्यक्रम मिळत नव्हते. एकदा नापसंत झालेला बँड पुन्हा बोलावला जात नसे. म्हणून एजंटच्या कचेरीतले लोक त्यांचं नाव सारखं बदलत. कचेरीतल्या एकाला इतिहासाची आवड होती. त्यानं एका खेपेला जेथ्रो टल हे नाव दिलं. त्या नावानं लंडनच्या मार्की क्लबमध्ये कार्यक्रम झाला, तो तिथल्या व्यवस्थापकाला आवडला, पुन्हा बोलावणं आलं आणि नाव चिकटलं. १९६८ साली पहिली तबकडी निघाली, तिच्यावर ते ‘जेथ्रो टो’ असं चुकीचं छापलं गेलं! ज्याचं नाव लोक हमखास चुकीचं लिहितात, अशा माणसाला या गोष्टीनं फार दिलासा मिळतो.

बँडचा प्राण म्हणजे इयान अँडरसन. जन्म १९४७, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. वाढला एडिंबरा आणि नंतर ब्लॅकपूलमध्ये. गाणी तो लिहितो, चाली तो बांधतो, गातो तो, आणि बासरी वाजवतो. आज ‘रॉक बँडमध्ये बासरी’ यात काही विशेष वाटत नाही, पण १९६७ साली तो वेडेपणा होता. अँडरसन तेव्हा गिटार वाजवत असे. एरिक क्लॅप्टनचं वादन ऐकून त्याला कळून चुकलं की आपण कितीही घासलं तरी या माणसाच्या जवळपास पोचणार नाही. मग त्यानं आपली फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार दुकानात दिली आणि बदल्यात एक मायक्रोफोन आणि एक बासरी घेतली. ती कशी वाजवायची हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगायला गुरू नव्हता. काही महिन्यांत तो ती घेऊन मंचावर उभा राहिला.

ही आपली बांबूची बासरी नव्हे. धातूची, कळा असलेली, ऑर्केस्ट्रात वाजते ती. तिथे तिचा आवाज स्वच्छ, गोड, पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांसारखा असतो. अँडरसनची बासरी तशी नाही. ती फुत्कार टाकते, खाकरते, धापा टाकते. फुंकता फुंकता तो त्याच स्वरात घशातून गातो, गुरगुरतो, मधेच शब्द बोलतो. ही रीत अमेरिकेतला अंध जॅझवादक रोलंड कर्क याची. अँडरसननं ती त्याच्याकडून उचलली आणि पहिल्याच अल्बममध्ये कर्कची एक रचना वाजवून ते ऋण उघडपणे मान्यही केलं. शिवाय तो वाजवताना एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय गुडघ्याशी मुडपलेला. आपल्याकडे कुणालाही मुरलीधर आठवावा. पण हा मुरलीधर विस्कटलेल्या केसांचा, फाटक्या ओव्हरकोटातला, डोळे वटारणारा.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते पाहून नव्हे, नुसतं ऐकून. ऐंशीच्या दशकाचा मध्य. मित्राचे मामा आखातात नोकरीला होते. त्यांनी आणलेल्या टू-इन-वनबरोबर काही कॅसेट आल्या होत्या. आम्ही मिरजेचे. मिरजेत राहणाऱ्याच्या कानांवर सूर सतत पडत असतात. मूळची शस्त्रं घडवणारी शिकलगार घराणी तिथे सतारी आणि तंबोरे घडवू लागली, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. गल्लीतून जाताना भोपळे वाळत घातलेले दिसतात, जवारी काढण्याचं काम चाललेलं असतं आणि एकच तार पुन्हापुन्हा छेडलेली ऐकू येते. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग असा घासायचा की तार तिच्यावर अगदी हलकी घासून बोलेल. त्या बारीकशा घर्षणातून झणत्कार येतो. निव्वळ स्वच्छ तार मुकी वाटते. त्यामुळे अँडरसनची ती खरखरीत बासरी ऐकली तेव्हा मला ती बेसूर वाटली नाही. याच्या बासरीला जवारी आहे, एवढंच मनात आलं.

त्याच कॅसेटवर पाच मात्रांचं एक गाणं होतं, ‘लिव्हिंग इन द पास्ट’, १९६९ सालचं. रॉकचं सगळं घर चार मात्रांवर उभं. त्यात हा गडी सरळ पाच मोजत होता. आमच्या झपतालाच्या दहातल्या निम्म्या मात्रा! शेजारचे एक तबलजी काका दारात थबकले, बोटांवर मोजलं आणि ‘बरोबर येतोय की रे समेवर’ म्हणून पुढे गेले. इंग्लंडमध्ये हे गाणं खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. पाच मात्रांवर लोक नाचले कसे, याचं मला आजही नवल वाटतं. त्याच वर्षीच्या ‘स्टँड अप’ या अल्बममध्ये बाखनं ल्यूट या तंतुवाद्यासाठी केलेली एक नृत्यधून बासरीवर घेतली आहे. आधी ती शिस्तीत येते, मग हळूहळू झुलायला लागते, आणि मधे तर बाखची टोपी उडवून दिलेली असते. शेवटी मात्र टोपी उचलून, झटकून, परत त्यांच्या डोक्यावर ठेवलेली असते.

आता दोन अल्बमांविषयी जरा सावकाश बोलतो.

पहिला ‘अ‍ॅक्वालंग’, १९७१चा. अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी हिनं लंडनमध्ये थेम्सच्या काठावर राहणाऱ्या बेघर माणसांचे फोटो काढले होते, आणि त्यांच्याविषयी काही ओळी टिपल्या होत्या. त्यांतून शीर्षकगीत तयार झालं. अ‍ॅक्वालंग म्हणजे पाणबुड्याचं श्वसनयंत्र. गाण्यातल्या म्हाताऱ्याची छाती थंडीत तशी घरघरते, म्हणून त्याचं हे नाव. हा म्हातारा गोंडस नाही. तो घाणेरडा आहे, त्याची नजरही चांगली नाही. अँडरसन त्याच्यावर दया दाखवत नाही आणि त्याला हाकलतही नाही. पहिल्यांदा लांबून, किळस येऊन पाहिलेला हा माणूस गाण्याच्या मध्यावर एकदम जवळ येतो; मोठे वाद्यमेळ थांबतात, साधी गिटार उरते, आणि आपण त्याच्या शेजारी बाकावर बसलेले असतो. मला वाटतं, कविता हेच करते. अंतर कमी करते.

याच अल्बमची दुसरी बाजू धर्मावर आहे. धर्मावर म्हणण्यापेक्षा धर्माच्या दुकानांवर. देवाला पिंजऱ्यात कोंडून त्याची चावी आपल्या कमरेला लावणाऱ्यांवर. वेष्टनाच्या मागच्या बाजूला तर बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीची कथा उलटी करून, माणसानंच देव घडवला अशी लिहिली आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी मला हे ऐकताना भीती वाटली होती. घरात पाच वेळची नमाज, आणि कानाला हे लावलेलं. पण नीट ऐकलं तेव्हा कळलं की हा माणूस देवाशी भांडत नाही, मधल्या दलालांशी भांडतो आहे. आणि हे भांडण मला परकं नव्हतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद चारशे वर्षांपूर्वी मराठीत हेच भांडत होते. ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा मुसलमान संतकवी दोन्हीकडच्या ढोंगावर सारखाच कोरडे ओढतो. गंमत पुढे आहे. हाच अँडरसन अलीकडची बरीच वर्षं नाताळच्या सुमाराला इंग्लंडमधल्या जुन्या कॅथिड्रलांमध्ये कार्यक्रम करतो आणि त्यातून येणारा पैसा त्या इमारतींच्या देखभालीला देतो. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. दलालावर राग असला म्हणून घर पडू द्यायचं नसतं.

दुसरा अल्बम ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’, १९७२चा. समीक्षकांनी ‘अ‍ॅक्वालंग’ला ‘कॉन्सेप्ट अल्बम’ म्हटलं, म्हणजे एकाच सूत्रात ओवलेला. अँडरसनला ते मान्य नव्हतं. तो म्हणाला, तुम्हाला तसलाच हवा ना, मग घ्या. आणि त्यानं त्रेचाळीस मिनिटांचं एकच गाणं केलं. तबकडी उलटायला लागते म्हणून मधे तेवढा खंड. या गाण्याचे शब्द म्हणे जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेचे. अर्थात असा कुणी मुलगा नव्हता. पण तबकडीचं वेष्टन म्हणजे गावातल्या वर्तमानपत्राचा बारा पानी अंक होता! त्यात स्थानिक बातम्या, छोट्या जाहिराती, शब्दकोडं, खेळाचं पान, सगळं. आणि पहिल्याच पानावर बातमी: या बालकवीला काव्यस्पर्धेत मिळालेलं बक्षीस लोकांच्या तक्रारींमुळे काढून घेण्यात आलं, आणि ते ख्रिस्ती नीतिमूल्यांवर निबंध लिहिणाऱ्या एका मुलीला देण्यात आलं. पुष्कळांना जेराल्ड खराच वाटला. संगीत करायला लागला त्याहून जास्त वेळ हे वर्तमानपत्र तयार करायला लागला, असं अँडरसन सांगत आला आहे.

आमच्या कॅसेटच्या डबीत ते वर्तमानपत्र नव्हतंच. वेष्टनाचं काड्यापेटीएवढं चित्र तेवढं होतं. त्यामुळे मी आधी नुसतं गाणं ऐकलं, थट्टा मागाहून कळली. आणि म्हणून मला ते थट्टेपलीकडचं वाटत आलं. मोठी माणसं मुलाला साच्यात घालून आपल्यासारखा करतात आणि मग त्याच्यातला कवी कुठे गेला म्हणून विचारतात, अशी त्यातली तक्रार आहे. एक साधी, गिटारवरची, गुणगुणावी अशी चाल सुरुवातीला येते. मग चाळीस मिनिटं ती वेश बदलते: कधी लष्करी कवायत, कधी जत्रा, कधी चर्चमधली प्रार्थना. शेवटी पुन्हा तीच चाल, तशीच साधी. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तोंडओळखीची बंदिश विस्तारानंतर परत मुखड्यावर येते तेव्हा शब्द तेच असतात, पण ऐकणारा तोच राहिलेला नसतो. विडंबन म्हणून केलेला हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. थट्टा करणाऱ्यानं मूर्तीची नक्कल घडवायला घ्यावी आणि तिच्यात प्राण यावा, तसं झालं.

यानंतर आपल्या विषयाचा गाभा. १९८९च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्कारांत हार्ड रॉक आणि हेवी मेटल या संगीतासाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला होता. तो मेटॅलिका या बँडला मिळणार, हे सगळे धरून चालले होते. पाकीट फुटलं आणि नाव निघालं जेथ्रो टल, ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ या १९८७च्या अल्बमसाठी. सभागृहात हुर्यो उडाली. बँडचं कुणी तिथे हजरही नव्हतं. मिळणार नाही तर जायचं कशाला, असंच त्यांच्या कंपनीलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच सूर: बासरीवाले इथे कसे आले? कंपनीनं जाहिरातीतून उत्तर दिलं. ‘हेवी’ आणि ‘मेटल’ या दोन शब्दांमध्ये फक्त एक स्वल्पविराम टाकला आणि म्हटलं, बासरी हे जड, धातूचंच वाद्य आहे! पुढच्या वर्षी पुरस्काराचे दोन भाग करण्यात आले आणि मेटॅलिकाला त्यांचा मिळाला. १९९२ साली पुन्हा मिळाला तेव्हा त्यांच्या ड्रमवाल्यानं मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले. कशाबद्दल? तर या वर्षी अल्बम काढला नाही, याबद्दल.

खरं सांगायचं तर त्या वर्षी मेटॅलिकाचा हक्क मोठा होता. चाहता असलो तरी हे मी मान्य करतो. पण ‘तुम्ही इथे कसे?’ हा प्रश्न मात्र माझ्या कानात घुमत राहिला, कारण तो माझ्या परिचयाचा आहे. एका कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, ‘हे मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी लिहितात पाहा.’ टाळ्या पडल्या. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच होतं. पण त्या ‘असूनही’ या शब्दाचं काय करायचं? उलट बाजूनंही विचारणा होते. आपली जबान सोडून मराठीत का लिहितोस, असं आप्तांपैकी कुणी तरी अधूनमधून म्हणतंच. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. पहिली कविता मराठीत सुचली, कारण ती सुचताना मी श्वास मराठीत घेत होतो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणि मिरजेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न तसाही विचित्रच वाटतो. उत्तरेतल्या कैरान्याहून आलेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मराठी नाट्यपदं गायले, त्यांच्या तबकड्या महाराष्ट्रभर वाजल्या. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या नावानं तिथे गाणं होतं. तिथे गायला बसणाऱ्याला ‘तुम्ही इथे कसे?’ असं कुणी विचारत नाही. सूर लागला की माणूस तिथला होतो.

कूळकायद्याच्या काळात आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ अशी घोषणा होती. मी ती वाद्याला लावतो, भाषेला लावतो. फुंकेल त्याची बासरी. पण या घोषणेत एक अट आहे. कसलं पाहिजे. सात-बारावर नाव लागलं म्हणून भागत नाही, आणि नुसता हक्क सांगूनही भागत नाही.

अँडरसननं ही अट पाळली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली. ती घरी सराव करायची तेव्हा बापलेकींच्या लक्षात आलं की वडिलांची बोटं कळांवर चुकीच्या जागी पडतात. तोवर बासरी घेऊन जग फिरल्याला वीसहून अधिक वर्षं झाली होती, कोट्यवधींचा खप झाला होता. दुसरा एखादा म्हणाला असता, माझी बोटं हीच बरोबर. यानं पंचेचाळिशीच्या आसपास बोटांची जुनी सवय मोडली आणि पहिल्यापासून शिकायला घेतलं. त्यानंतरचा १९९५चा ‘रूट्स टू ब्रँचेस’ ऐका. बासरी अधिक खोल, अधिक शांत झाली आहे. तिच्यात भारतीय आणि अरबी सुरांची वळणं आहेत. पण खरखर तशीच आहे. शिकला, आणि आपली जवारी जाऊ दिली नाही. हे फार कठीण असतं. वृत्त शिकल्यावर ज्यांची कविता गुळगुळीत झाली असे कवी मी पुष्कळ पाहिले आहेत.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस या बँडनं लोकसंगीताकडे वळून तीन अल्बम केले. त्यातला १९७८चा ‘हेवी हॉर्सेस’ माझ्या फार जवळचा. ट्रॅक्टर आल्यावर शेतातून हद्दपार झालेल्या इंग्लंडच्या थोराड घोड्यांवरचं हे गाणं आहे. त्या घोड्यांच्या जातींची नावं त्यात अशी येतात, जशी आपल्याकडे म्हातारा शेतकरी खिलार म्हणतो, डांगी म्हणतो, देवणी म्हणतो. गाण्यात रडगाणं नाही. एक दिवस तेल संपेल, मग तुम्हाला पुन्हा आमची गरज लागेल, असा ताठा आहे. आमच्याकडच्या दावणी माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्या. पोळ्याला मातीचे बैल आणून पुजणारी घरं वाढली. त्या वर्षांत मी बैलांवर ज्या कविता लिहिल्या, त्यांच्यामागे या गाण्याच्या टापा आहेत.

चाहत्यानं दोषही सांगावेत. १९७३चा ‘अ पॅशन प्ले’ समीक्षकांनी झोडपला, तरी अमेरिकेत तो पहिला आला. मला त्यात तेव्हाही दम लागायचा आणि आजही लागतो. ऐंशीच्या दशकातले काही अल्बम यंत्रांच्या आवाजात बुडाले आहेत. शिवाय हा बँड म्हणजे एका माणसाचं राज्य. आजवर दोन डझनांहून अधिक वादक आले आणि गेले. मार्टिन बारसारखा, चाळीस वर्षांहून अधिक काळ साथ केलेला गिटारवादकही शेवटी बाजूला झाला. अँडरसनशिवाय टल नाही हे खरं. पण बारच्या गिटारशिवायचा टल मला अर्ध्या ताटावरून उठल्यासारखा वाटतो.

१९९४ साली हा बँड मुंबईत आला होता. तेव्हा माझ्याकडे तिकिटाला पैसे नव्हते. २००८ साली ते पुन्हा आले, या वेळी अनुष्का शंकर सतारीसह त्यांच्यासोबत होत्या. २९ नोव्हेंबरला मुंबईत कार्यक्रम ठरला होता. त्याच्या तीन दिवस आधी काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. कार्यक्रम पुढे ढकलला गेला. पाहुण्यांनी त्या परिस्थितीत निघून जाणं कुणी गैर मानलं नसतं. पण ५ डिसेंबरला, हल्ल्यातल्या पीडितांसाठी निधी म्हणून, त्यांनी मुंबईतच तो कार्यक्रम केला. त्या आठवड्यात माझ्या नावाची माणसं गाडीत, रांगेत जरा खाली मान घालून वावरत होती. शहर जखमी होतं आणि आम्हीही त्याच शहराचे, त्याच राज्याचे होतो, हे ओरडून सांगण्याची ती वेळ नव्हती. मी वर्तमानपत्रातली ती छोटी बातमी वाचली: सतार आणि बासरी, मुंबईत, एकत्र. कापून ठेवलेलं ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

आता शेवटचं, आणि जरा अवघड. १९८४च्या दौऱ्यात अँडरसनच्या घशाला इजा झाली. तेव्हापासून त्याचा आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. वरच्या पट्टीतलं जुनं गाणं आलं की तो मान उंच करतो, हनुवटी वर नेतो, आणि सूर तिथवर पोचत नाही. २०२० साली त्यानं स्वतःच सांगितलं की त्याला फुप्फुसांचा, श्वासमार्ग अरुंद होत जाणारा, बरा न होणारा आजार आहे. मंचावर धूर सोडणारी यंत्रं असतात, त्यांच्यात पन्नास वर्षं काढल्याचा त्यानं उल्लेख केला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत ज्यानं बेघर म्हाताऱ्याच्या घरघरत्या छातीवर गाणं केलं, त्याच्याच छातीवर म्हातारपणी हे यावं! कवीला अशा योगायोगांची भीती वाटते.

पण तो थांबलेला नाही. २०२२ साली ‘द झेलट जीन’ आला. त्यातलं प्रत्येक गाणं बायबलमधल्या एखाद्या वचनाशी बांधलेलं आहे, आणि शीर्षकगीत लोकांना एकमेकांविरुद्ध चिथावणाऱ्यांविषयी आहे. २०२३ साली एक आणि २०२५ साली ‘क्युरियस रुमिनंट’ हा आणखी एक अल्बम आला. आवाज आता गाण्यापेक्षा बोलण्याकडे झुकला आहे. आवाका कमी झाला म्हणून त्यानं चालीच तशा बांधल्या आहेत. काही जुने चाहते म्हणतात, यानं आता थांबावं, आमच्या आठवणी खराब करू नयेत. मला हे म्हणणं पटत नाही. त्याचा तरुण आवाज तबकड्यांमध्ये सुखरूप आहे, तो कुणी पळवलेला नाही. रूमीची मसनवी बासरीच्या तक्रारीनं सुरू होते. वेळूच्या बनातून कापून आणलेली बासरी विरहानं रडते, म्हणून तिचा सूर काळजाला भिडतो. त्या कल्पनेत बासरीला मोल आहे ते तिच्या पोकळीमुळे, तिच्या वेदनेमुळे. तिच्या ताकदीमुळे नव्हे. म्हातारा अँडरसन दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला थांबतो, तेव्हा तो थांबाही मला गाण्याचाच भाग वाटतो. उरलेल्या श्वासात काय म्हणायचं, हे त्याला नीट ठाऊक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कवीला यातून धीर मिळतो.

कुणाला ऐकावंसं वाटलं, तर सुरुवात ‘स्टँड अप’मधल्या बाखच्या धुनेपासून करा. मग ‘हेवी हॉर्सेस’ ऐका. आणि एखाद्या रविवारी दुपारी पाऊण तास मोकळा मिळाला, तर दार लोटून ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ लावा. पहिल्या खेपेला शब्द कळले नाहीत तरी चालेल. घरातलं कुणी ‘हे काय लावलंय?’ म्हणून विचारेल, तर त्यालाही शेजारी बसवून घ्या.